वेळ संपल्याची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. तुमच्या पंजात मावेन एवढीच. मूठ लाकडाची, अंगावर दोन पोचे, आणि आवाजाबद्दल आधीच सांगून टाकते, तो गोड नाही. रंगात येऊन बोलणाऱ्या माणसाला भर सभेत "आता पुरे" म्हणायचे, हे माझे काम. असल्या कामात कौतुक कमीच मिळते. तरीही माझ्या आयुष्यात एक दिवस असा आला, की त्याची आठवण निघाली तर आजही माझे पितळ शहारते. तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म बंदरामागच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. एका बुडालेल्या बोटीचा तुटका पंखा, चार गळके नळ आणि कुणाच्या तरी दाराची कडी, हा माझा खानदानी वारसा. ओतारी तोंडाने फटकळ होता, पण त्याचा हात हळुवार होता. त्याने मला साच्यातून काढले, कानशीने कडा घासल्या, आत लोलक टांगला आणि एकदाच वाजवून पाहिले. आतल्या खोलीतून त्याची बायको ओरडली, "अहो, कान फुटले की माझे!"

"मग जमली," ओतारी म्हणाला. माझे पहिले कौतुक ते एवढेच.

तिथून मी समुद्रकाठच्या लहानशा विद्यापीठात गेले. तास संपला की शिपाईमामा मला घेऊन लांबच्या लांब व्हरांड्यातून फिरत. मी वाजले की वर्गावर्गातून मुले अशी बाहेर पडत, की जणू मीच त्यांना सोडवले आहे. ते माझे सुखाचे दिवस होते. मग भिंतीवर विजेची घंटा आली. ती स्वतःची स्वतः वाजे. मामांनी मला एकदा पुसले, कुठे ठेवावे ते त्यांना सुचेना, आणि अखेर मी किनारा-अभ्यास विभागात कागदांवर ठेवायचे वजन म्हणून जाऊन पडले. त्या विभागात समुद्राचा वारा सदा घुसायचा आणि कागद उडायचे. बोलक्या प्राण्याला मुका करून बसवले तर काय वाटेल, ते तुम्हीच ओळखा. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले, लोलक एका बाजूला चिकटून बसला. पण बसल्याबसल्या मी दोन माणसे अगदी जवळून पाहिली, आणि त्या दोघींनी मला जिंकून घेतले.

पहिल्या म्हणजे विभागप्रमुख बाई. विभाग अवघा तीन खोल्यांचा, पण बाईंचा दरारा तीन मजल्यांचा. मुले त्यांना पाठीमागे 'कप्तान' म्हणत. तास सुरू झाला की दार बंद, मग बाहेर कुलगुरू का असेनात. एकदा ते खरोखरच बाहेर राहिले होते आणि व्हरांड्यात उभे राहून खिडकीतून व्याख्यान ऐकत होते.

दुसरी त्यांच्या हाताखालची तरुण प्राध्यापिका. मी तिला धाकटी म्हणते. ही पोर कामाला वाघ आणि बोलायला गाय. ओहोटी लागली की पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ती चिखलात उतरायची. किनाऱ्यावर तिने लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब रोवले होते. कोणत्या खांबाशी वाळू किती चढली, किती उतरली, हे ती नऊ वर्षे मोजत होती. मिठाने तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. तिची नोकरी मात्र हंगामी होती, दर वर्षी नव्याने मिळायची. त्या वर्षी कुलगुरूंनी स्वच्छ सांगितले होते, "या वाळूच्या कामात बाहेरच्या कुणाला रस असेल तर दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी ही जागा ठेवणं कठीण आहे." त्या दिवशी धाकटीने माझ्याखालचे आपल्या मोजणीचे कागद उचलले, बराच वेळ नुसते धरून ठेवले आणि पुन्हा माझ्याखाली सरकवले.

आणि अशा वेळी बाईंनी एक धाडस केले. परदेशात जगभरच्या किनारा-अभ्यासकांची सभा भरली होती. पुढची परिषद भरवणाऱ्या मोठ्या शहराने ऐनवेळी अंग काढून घेतले आणि सभेत शांतता पसरली. बाईंनी हात वर केला. "आमच्याकडे या," म्हणाल्या आणि खाली बसल्या. बसल्यावर त्यांना घाम फुटला, कारण आमच्या शहरात हॉटेले दोनच होती, आणि त्यांतल्या एकाचे छप्पर गळत होते. हे त्यांनी परत आल्यावर धाकटीला हसत हसत सांगितले.

धाकटी म्हणाली, "बाई, तीनशे माणसं येणार. झोपवायची कुठे?"

"घरांत," बाई म्हणाल्या. "गावाला घरं आहेत ना?"

मित्रांनो, पुढच्या महिन्यांत मी जे पाहिले त्याने माझा माणसांवरचा राग बराचसा गेला. एवढेसे ते शहर, पण परिषद म्हणजे घरचेच कार्य असल्यासारखे कामाला लागले. पाहुण्यांसाठी कुणी माळा झाडला, कुणी आपली निजायची खोली सोडली. शिंप्यांनी पिशव्या शिवल्या. नळवाल्याने विद्यापीठातला प्रत्येक नळ उघडून पाहिला आणि जे गळत होते त्यांना शिव्या घातल्या. सभागृहाच्या किनाऱ्याकडच्या खिडक्या वाऱ्याने धडाधडा आपटायच्या, म्हणून त्या सुतळीने घट्ट बांधून टाकल्या. धाकटी या सगळ्याच्या मधोमध होती. कोण कधी उतरणार, कुणाला जिना चढवत नाही, कुणाला उशी उंच लागते, सगळे तिच्या तोंडपाठ. तिच्या घरीही दोन परदेशी प्राध्यापिका उतरणार होत्या. एकदा तिच्या सासूबाई डबा घेऊन विभागात आल्या आणि माझ्याशेजारीच खुर्ची ओढून बसल्या.

"एवढे शिकलेले लोक विमानानं येणार ते वाळूवर बोलायला?" त्यांनी विचारले. "त्यांच्याकडे वाळू नाही का गं?"

"आहे की आई. पण ती कुठे जाते ते बघायचंय."

"वाळू जाणार कुठे? तिला काय पाय आहेत? बरं, तू कधी बोलणार?"

"शेवटच्या दिवशी. अगदी शेवटी."

"शेवटी का? घरचं माणूस म्हणून?"

धाकटी हसली आणि डबा उघडायला लागली. मला मात्र तो प्रश्न लागला. कारण कार्यक्रम जुळवताना मी टेबलावरच होते. बाईंनी आणि धाकटीने मिळून पाहुण्यांना सकाळच्या छान वेळा वाटल्या होत्या आणि आपल्या माणसांना जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या किंवा निघायच्या घाईतल्या. चांगले तेवढे पाहुण्याला, ही तिथली रीत. त्यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते.

मग एके सकाळी बाईंनी मला उचलले. लिंबू आणि राख घेऊन स्वतः घासले, लोलकाला तेलाचा थेंब सोडला आणि वाजवून पाहिले. इतक्या वर्षांनी माझा आवाज मला ऐकू आला. मित्रांनो, मला रडता येत नाही म्हणून बरे.

"प्रत्येकाला वीस मिनिटं," बाईंनी विभागात जाहीर केले. "वीस झाली की ही वाजणार. लहान-मोठा बघणार नाही."

मी मनात म्हटले, कप्तान, आता माझी कमाल बघा.

परिषद सुरू झाली. काय तो थाट! नाना देशांची माणसे, नाना तऱ्हेचे कोट, व्हरांड्यात दहा भाषांचा कलकलाट आणि वर छपरावर समुद्रपक्ष्यांचा. घंटेला सगळ्या भाषा सारख्याच कळतात, त्यामुळे मला कसली अडचण नव्हती. पाहुणे गावाच्या प्रेमात पडले. धाकटीच्या घरी उतरलेल्या एका प्राध्यापिकेला सासूबाई आपल्याच भाषेत मोठमोठ्याने सांगत, "पोटभर खा गं, लाजू नकोस," आणि ती बिचारी खरोखरच पोटभर खाऊन सभेत पेंगायची.

पण माझे काय झाले? पहिलाच पाहुणा वीस मिनिटांच्या पुढे गेला. बाईंनी मला उचलले. मी सज्ज झाले. तेवढ्यात त्यांनी बोटाने माझा लोलक घट्ट धरला आणि मला अलगद खाली ठेवले. जराही आवाज झाला नाही. पाहुण्याला आपल्या घरात "पुरे" कसे म्हणायचे? बाईंच्या जिभेला ते वळलेच नाही. मग ती जास्तीची गेलेली वेळ भरून कुठून काढायची? विभागातल्या एका सहकाऱ्याने आपणहून आपले भाषण अर्ध्यावर आणले. "माझं काय, घरचंच आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. पाहुणे बोलत राहिले, बाई माझा लोलक धरून बसल्या, आणि आमची माणसे एकामागून एक आपली भाषणे आखडून उभी राहिली, दोन शब्द बोलली, आभार मानून बसली. विद्यार्थ्यांना एका क्षणाची सवलत न देणाऱ्या माझ्या कप्तान पाहुण्यांपुढे लोण्यासारख्या विरघळल्या होत्या. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

तिसरा दिवस उजाडला. शेवटचे सत्र, दोनच वक्ते. आधी थोर पाहुणे, मग धाकटी. त्यानंतर लगेच निरोप, कारण बसगाड्या विद्यापीठाच्या दारात लागलेल्या होत्या. कुलगुरू पहिल्या रांगेत बसले होते. मागच्या रांगेत सासूबाई. त्यांना परिषदेची भाषा कळत नव्हती, पण त्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि शेजाऱ्याला खुणेने सांगत होत्या, ती पुढे बसलीय ना, ती माझी सून.

थोर पाहुणे म्हणजे बाईंचे गुरू. पांढरी दाढी, हातात काठी, या विद्येत त्यांचा शब्द शेवटचा. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. आणि खरे सांगते, म्हातारा बोलत होता फार सुंदर. तरुणपणी एका वादळात आपली उपकरणे वाहून गेली आणि आपण किनाऱ्यावर बसून नुसत्या डोळ्यांनी समुद्र कसा मोजला, ते ते सांगत होते. सगळी सभा गुंगली होती. मीही गुंगले. वीस मिनिटे झाली. मग पंचवीस.

धाकटी मांडीवर संगणक घेऊन बसली होती. मला टेबलावरून ती नीट दिसत होती. तिने आपल्या भाषणातली चित्रे काढायला सुरुवात केली. पहिल्या वर्षीचा खांब गेला. दुसऱ्या वर्षीचा गेला. वादळानंतरचा किनारा गेला. एकेक चित्र काढताना तिचे बोट जरा थांबायचे आणि मग दाबायचे. नऊ वर्षांची ओहोटी ती आपल्या हाताने पुसत होती, आणि चेहरा असा, की जणू पाहुण्यांसाठी जागा करून द्यायला थोडी सरकून बसली आहे.

बाईंनी मला उचलले. बोट लोलकावर होतेच. त्यांनी धाकटीकडे पाहिले. धाकटीनेही पाहिले, आणि हळूच हात हलवला. असू द्या. माझं राहू द्या.

तो हात बाईंना पुरता लागला. किती वेळा त्यांनी स्वतःही असाच हात हलवला असेल, कुणास ठाऊक. त्यांचे बोट लोलकावरून सुटले. हात थरथरत होता.

आणि मी वाजले.

मित्रांनो, मी अशी वाजले की ओताऱ्याची बायको असती तर पुन्हा ओरडली असती. थोर पाहुणे वाक्याच्या मधोमध थांबले. कुलगुरूंनी मान वळवून बाईंकडे असे पाहिले, की जणू बाईंनी पाहुण्यांना धक्काच मारला होता.

"सर, माफ करा," बाई म्हणाल्या. "तुमची वेळ संपली."

म्हातारबुवांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बाईंकडे. मग काठी उचलली आणि मोठ्याने हसले. "अगं पोरी, किती वर्षांनी वाजली ही माझ्यासाठी!" ते म्हणाले. "मी म्हातारा झाल्यापासून कुणी वाजवतच नाही. मग माझं संपलं की नाही, ते मला कळायचं कसं?" आणि धाकटी उठताच ते खाली उतरून तिच्याच रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले, कान पुढे करून.

धाकटी वर आली तेव्हा तिच्या हाती दोनच चित्रे उरली होती, पहिले नावाचे आणि शेवटचे आभाराचे. काढलेली परत आणायची म्हटली तर त्यातच तिची वेळ गेली असती. मग तिने संगणक मिटला, सरळ खिडकीपाशी गेली आणि सुतळीची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दाताने सोडवली. खिडकी धाडकन उघडली, वारा आत आला, कागद उडाले, आणि समोर ओहोटीचा किनारा लख्ख दिसला. त्यावर तिचे लाल-पांढरे खांब ओळीने उभे होते.

"माझी चित्रं ती तिथे आहेत," ती म्हणाली.

खुर्च्या सरकल्या. मोठमोठे विद्वान शाळकरी पोरांसारखे खिडकीशी गोळा झाले, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागले. आणि बोलायला गाय असलेली ती पोर बोलू लागली. पहिला खांब रोवला तेव्हा वाळू खालून तिसऱ्या पट्ट्यापर्यंत होती, आता पहिला पट्टाही उघडा पडला आहे. पावसाळ्यात वाळू जायची आणि नंतर परत यायची, असा जुना हिशेब होता. बंदराचा नवा लांब धक्का बांधल्यापासून ती जाते, पण परत येत नाही. कोणत्या खांबाशी ती सगळ्यांत आधी खचली, कोणत्या वादळात तिने एका रात्रीत घर बदलले, सगळे ती बोट दाखवून सांगत होती. पहिल्यांदाच मला कळले, की माझ्याखाली नऊ वर्षे काय दबून पडले होते.

बाई घड्याळाकडे पाहत होत्या. मला वाटले, आता त्या विसरतील. आपली पोर आहे, रंगात आली आहे, दोन मिनिटे जास्त दिली तर कोण बोलणार? धाकटी म्हणत होती, "आणि मग ही सगळी वाळू जाते कुठे, तर..."

बाईंनी मला वाजवले. म्हातारबुवांसाठी वाजवले होते तेवढ्याच जोराने.

धाकटी थांबली. तिने बाईंकडे पाहिले आणि तिच्या तोंडावर हसू फुटले. नऊ वर्षांत मी तिचे तसे हसू पाहिले नव्हते. वीस मिनिटे तिला पुरी मिळाली होती, कुणाच्याही उष्ट्यातली नव्हेत, आणि ती पाहुण्यांसारखीच, घंटा वाजवून संपवली होती.

मागच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, हिलाही वाजवली!"

बाई म्हणाल्या, "एका प्रश्नाला वेळ आहे."

काठी वर झाली. थोर पाहुणे उभे राहिले. "माझा प्रश्न असा," ते म्हणाले, "तर वाळू जाते कुठे?"

सगळी सभा हसली, मग चटकन शांत झाली, कारण सगळ्यांनाच ते हवे होते.

"आमच्या बंदराच्या तोंडात," धाकटी म्हणाली. "ती तिथं साचतेय. थांबवलं नाही, तर आमच्या बोटी निघायच्या बंद होतील."

कुलगुरू खिडकीपाशीच उभे होते. ते पुन्हा बाहेर बघू लागले, या वेळी बराच वेळ.

बसगाड्या उशिरा सुटल्या. तीन देशांच्या अभ्यासकांनी धाकटीला घेरले होते, आणि पुढच्या हंगामापासून ते तिच्याबरोबर त्याच खांबांवर मोजणी करायला येऊ लागले. तिची जागा कायम झाली, तीही लगेच नव्हे, बरेच खेटे घातल्यावर, पण झाली. धक्क्याचे काय करायचे यावर गावात आजही भांडणे चालू आहेत. निदान कशावर भांडायचे ते तरी आता गावाला माहीत आहे.

मित्रांनो, मी आता पुष्कळ म्हातारी झाले आहे. माझी एवढीच विनंती, की माझ्यासारख्या जुन्या वस्तू हाती आल्या तर त्यांना कागदांवर ठेवून मुक्या करू नका. घासा, तेलाचा थेंब द्या, त्यांना त्यांचे काम करू द्या. आणि दुसरी विनंती याहून मोठी आहे. पाहुण्याला आपल्या ताटातला घास काढून द्यावा, ही चांगली रीत आहे, ती सोडू नका. पण तो घास रोज एकाच ताटातून जात नाही ना, एवढे बघा. तुमच्या घरात, वर्गात, सभेत कुणीतरी कोपऱ्यात बसून हळूच हात हलवत असेल, असू द्या, माझं राहू द्या म्हणत असेल. ते दिसले, की समोर कितीही थोर माणूस बोलत असो, मला उचला आणि वाजवा. हात थरथरला तरी चालेल.